सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक व्हायचंय? सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

निकालाचे दिवस आले की मला फोन सुरू होतात. विद्यार्थी करतात, त्याहून जास्त त्यांचे आईवडील करतात. अधूनमधून एखादी आशाताई, एखादे निवृत्त गुरुजी. गेली २२ वर्षं मी सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत कामकरी बायकांच्या आरोग्याचा अभ्यास करते आणि तोच विषय शिकवते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढले. प्रश्न ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवलेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. मॅडम, सामुदायिक आरोग्य म्हणजे नक्की काय? डॉक्टरकीपेक्षा ते वेगळं कसं?

डॉक्टरसमोर एक माणूस बसलेला असतो. त्याचा खोकला कशाचा आणि औषध कोणतं, हे डॉक्टरनं बघायचं. आपल्यासमोर अख्खी वस्ती असते. याच गल्लीत खोकला जास्त का, बायकांनाच का, दवाखान्यापर्यंत पोचायला त्यांना सहा-सहा महिने का लागतात, गोळ्या अर्ध्यावर का सुटतात, हे प्रश्न आपले. उत्तर शोधताना चूल कुठं आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हजारी, म्हणजे हजार विड्यांमागची मजुरी, किती मिळते, रिक्षाला किती पडतात, घरात कोणाचा शब्द चालतो, हे सगळं विचारावं लागतं.

१९७८ साली आल्मा-आटा इथं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. आपल्या आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेवढं एक कलम वाचायला लावते. मेडिकल कॉलेजात हाच विषय 'पीएसएम', म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, या नावानं असतो.

२. मी एमबीबीएस नाही. साधं बी.ए. झालंय. या क्षेत्रात अभ्यासक होता येईल का?

येईल. समाजशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, नर्सिंग, आहारशास्त्र, कुठल्याही वाटेनं इथं येता येतं. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, बऱ्याच ठिकाणी डॉक्टर नसलेल्यांनाही खुली असते. बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुलंही मोठ्या संख्येनं येतात. अडतं ते एकाच ठिकाणी: पीएसएममधलं एमडी फक्त एमबीबीएसवाल्यांना, आणि तेही नीट-पीजीसारखी प्रवेश परीक्षा देऊनच.

बी.ए.वाल्यांना एक आग्रहाचं सांगणं. संख्याशास्त्राला घाबरून बाजूला ठेवू नका. मुलाखत कितीही जिवंत घेतलीत तरी तक्ता वाचता आला नाही तर बैठकीत तुमचं म्हणणं कोणी लिहून घेत नाही. आणि डॉक्टरांना उलटं सांगणं: बाईला मध्येच न तोडता दहा मिनिटं ऐकून घ्यायला शिका.

३. शिकायला कुठं जावं? सोलापुरात सोय आहे का?

आहे. १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथंच आहे. २००४ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, इथंच आहे. तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे, १९८६ पासून. आपल्याकडची किती मुलं तुळजापूरला आईच्या दर्शनाला जातात आणि त्या फाटकावरून तशीच परत येतात, याचं मला वाईट वाटतं.

बाहेर जायचं तर मुंबईत टाटा संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, तिरुअनंतपुरमला श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र, दिल्लीत जेएनयूतलं सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य केंद्र. प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात, ते त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा.

४. समाजसेवा करणं आणि अभ्यासक असणं यात फरक काय? कोणाचं काम बघावं?

महाराष्ट्रात हे दोन्ही एकाच माणसानं केल्याची उदाहरणं आहेत, आणि तीच मन लावून बघावीत.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या बायकांना, त्यातल्या कित्येकींना लिहितावाचताही येत नव्हतं, त्यांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं देशभर जी 'आशा' योजना आली, तिच्या मागच्या अनुभवांत हा एक मोठा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम केलं. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांचा किंवा लैंगिक आजारांचा त्रास होता आणि जेमतेम ८ टक्के बायकांची याआधी कधी तपासणी झाली होती. तोपर्यंत बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. पुढं ३९ गावांत गावातल्याच बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. अशी सेवा नसलेल्या गावांशी ताडून बघितलं तेव्हा नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आलेला दिसला. हा निबंध १९९९ चा. २०११ साली ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली.

तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'नं 'भारतवैद्य', म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, बायका घडवल्या. ते तर आपल्या शेजारीच.

या तिन्ही ठिकाणी सेवा होती, पण सोबत वहीही होती. किती जन्मली, किती गेली, कशानं गेली, याची नोंद वर्षानुवर्षं चुकली नाही. नुसती सेवा केली तर गाव दुवा देतं. नोंद ठेवली तर शेजारच्या जिल्ह्यालाही उपयोग होतो.

५. घरचे विचारतात, पगार किती मिळणार?

विचारू द्या, त्यांचं चूक नाही. सुरुवातीला बहुतेक जण एखाद्या प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून लागतात. प्रकल्प संपला की काम संपतं. दोन प्रकल्पांच्या मध्ये चार-सहा महिने रिकामे जाऊ शकतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी असतात. बीएएमएस किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम मिळतं, आणि गाव ओळखायला त्याहून चांगली जागा नाही. कॉलेजात शिकवणं, संस्थेत काम, सरकारी कार्यक्रमाचं मूल्यमापन या पुढच्या वाटा.

नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं, असे २०२३ पासूनचे दर आहेत. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि ओबीसी, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती चुकवू नका. पात्र असूनही केवळ तारीख हुकली म्हणून रडणारी मुलं मी दरवर्षी बघते.

६. पीएच.डी. करावीच लागते का?

शिकवायचं असेल, स्वतःचे प्रकल्प मिळवायचे असतील तर हो. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची सवलत, आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. वस्तीतच काम करायचं असेल तर आधी तीन-चार वर्षं काम करा. प्रश्न तिथूनच मिळेल.

७. सोलापुरात राहून अभ्यासाला विषय तरी काय मिळणार?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला थांबवावं लागतं.

यंत्रमागापासून सुरुवात करा. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, सगळ्यांना अभिमान आहे. ती विणणाऱ्याच्या कानाचं आणि छातीचं काय? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची खूण अशी की आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर आला की त्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, मग आठवडाभरात कमी होत जाते. तुम्ही सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊन विचारलंत तर तो 'बरं आहे' म्हणणार. कुठला वार निवडला, यावर निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

ऊस घ्या. जिल्ह्यात कारखाने भरपूर, आणि दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाई पाळीच्या दिवसांतही फडात वाकलेली असते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली राज्य सरकारच्या चौकशी समितीपर्यंत गेलं. या बायका इथल्या आशाताईच्या यादीत नसतात आणि गावाकडच्या यादीत असूनही तिथं नसतात. लसीकरणाचं कार्ड पेटीत गावी राहतं. हंगामभर एका टोळीबरोबर राहून हे लिहून काढणारा अभ्यासक आपल्या जिल्ह्याला हवा आहे.

पंढरपूरची वारी घ्या. लाखो माणसं चालत येतात, त्यातल्या बायका शौचाला जागा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पितात.

आणि विडी. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तिचा लोकार्पण सोहळा २००६ साली झाला. पुढं असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना आली, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कामगारांनी संघटना करून वर्षानुवर्षं लढून मिळवलेली ही घरं आहेत. आता विचारा: भाड्याच्या कोंदट खोलीतून स्वतःच्या घरात गेल्यावर बाईचा खोकला कमी झाला का? दवाखाना लांब गेला का? घर नावावर झाल्यावर घरातला शब्द कोणाचा झाला? यातल्या एकेका प्रश्नावर एकेक पीएच.डी. होईल.

८. मला तेलुगू, कन्नड येत नाही. दुभाषी घेतला तर चालेल ना?

चालेल, पण सावध राहा. माझ्या सुरुवातीच्या एका अभ्यासात शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका तक्रार सांगताना 'आयासम' म्हणायच्या. माहिती भरणाऱ्या मुलीनं ते मराठीत 'आयास' असं लिहिलं. आपल्याकडे आयास म्हणजे कष्ट. मी ते सगळे अर्ज 'कामाचा शीण' या रकान्यात टाकले. तेलुगूत आयासम म्हणजे धाप लागणं. श्वास अडकणाऱ्या बायका माझ्या तक्त्यात नुसत्या दमलेल्या होऊन बसल्या होत्या. एका तेलुगू शिक्षिकेच्या लक्षात आलं म्हणून वाचलं, आणि सगळे अर्ज पुन्हा तपासले.

तेव्हापासून नियम असा: आजाराचा शब्द ज्या भाषेत आला त्याच भाषेत, देवनागरीत का होईना, लिहायचा. भाषांतर नंतर, दोघींनी वेगवेगळं करून ताडून बघायचं. आणि निदान 'कुठं दुखतं, कधीपासून' एवढं तरी त्या भाषेत शिकायचं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि चिनी शिकून त्या भाषेत शिकवू लागले. पूर्व भाग तर आपल्या घरापासून दोन मैलांवर आहे.

९. वस्तीत गेलं की लोक बोलत नाहीत, 'सगळं बरं आहे' म्हणतात. काय करावं?

कारण तुम्ही कागद घेऊन उभ्या आहात. खाली बसा.

विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली रात्री भिजवलेली पानं, कात्री, माप, दोरा. बोलताना तिचे हात थांबत नाहीत आणि थांबवायला सांगूही नये, कारण तो तिचा रोज आहे. मी सुरुवातीला विचारायची, "दिवसाला किती तास काम करता?" उत्तर यायचं, "काम कुठं, घरीच असते." तिच्या दिवसाचं माप तासांत नसतंच. "हजार कधी होतात?" असं विचारलं की मग सगळा दिवस उलगडतो. "पानं चांगली असली तर दिवा लागेपर्यंत. पानं फाटकी आली तर पोरगी शाळेतून आल्यावर बसते हाताखाली." म्हणजे पानांचा दर्जा खराब असेल तर मुलीची शाळा मागं पडते. हा दुवा माझ्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता.

पहिल्या तीन भेटींत काही लिहू नका. कारखान्यात माल द्यायची वेळ टाळा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सर्वेक्षण ठेवू नका, कोणी घरी नसतं. पाणी आलेल्या दिवशी तर अजिबात नको.

१०. आशाताईंना सांगितलं तर त्या माहिती गोळा करून देतील ना?

त्यांना फुकटात राबवू नका. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा आली. तिला आधीच ढीगभर नोंदवह्या आहेत आणि मोबदला बराचसा कामागणिक. मदत हवी असेल तर अंदाजपत्रकात तिचं मानधन धरा, तिच्या वरिष्ठांची परवानगी घ्या, निबंधात तिचा उल्लेख करा. शिवाय रोजचा संबंध असलेल्या ताईला बायका काही गोष्टी सांगतात आणि काही गोष्टी मुद्दाम सांगत नाहीत.

११. मी कोणाचं रक्त काढणार नाही, फक्त प्रश्न विचारणार. तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक-वर्तनविषयक आरोग्य संशोधनालाही लागू आहेत. माहिती गोळा करायच्या आधी परवानगी हवी, नंतर मागून मिळत नाही. तुमच्या संस्थेत समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे रीतसर अर्ज करता येतो. ७ ते १८ वयाच्या मुलांसाठी पालकांची संमती तर हवीच, शिवाय मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते: बारापर्यंत तोंडी, पुढं लेखी.

१२. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली ना?

कागदाची झाली. लिहितावाचता न येणाऱ्या व्यक्तीकडून अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा आणि मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवायला हवा.

अडचण असते ती वेगळीच. सासू म्हणते, "घ्या गं तिचा अंगठा", आणि सून हात पुढं करते. किंवा कारखान्याचा माणूस दारात उभा असतो. अशी संमती मी धरत नाही. चार दिवसांनी एकटीला भेटून पुन्हा विचारते, आणि 'नाही' म्हणायचे तीन सोपे मार्ग आधी सांगते: आज वेळ नाही म्हणा, मध्येच उठून जा, नंतर निरोप पाठवा. जिला नाही म्हणता येतं, तिच्याच होकाराला अर्थ असतो. नाही म्हणालेल्यांचा आकडा निबंधात लपवू नका.

१३. मी स्वतः विडी कामगाराची मुलगी आहे. माझ्याच वस्तीवर अभ्यास केला तर तो पक्षपाती ठरेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा आवाज फोनवर बारीक झाला होता. तिला कोणीतरी तसं म्हणालं होतं.

बाई, तू जरूर कर. आम्हाला ज्या दारातून आत जायला दोन वर्षं लागतात, त्या दारात तू लहानाची मोठी झालीस. तंबाखूच्या वासानं डोकं जड होणं तुला वाचून कळलेलं नाही. बाहेरून येणारेही कुठून तरी आलेलेच असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

तीन गोष्टी सांभाळ. एक, तुला जे 'माहीतच आहे' ते विचारायचं राहून जातं, म्हणून बाहेरची एखादी मैत्रीण मुलाखतींना सोबत घे आणि तिचे बाळबोध प्रश्न ऐक. दोन, ओळखीच्या बायका तुला मुलगी समजून बोलतील, अभ्यासक समजून नाही. वही उघडलीस की तोंडानं सांग, "मावशी, आता मी लिहून घेतेय." तीन, नावं बदललीस तरी गल्लीतल्यांना माणूस ओळखू येतो. दोन मुली असलेली, उजव्या हाताची दोन बोटं नसलेली बाई, एवढं पुरतं. अशा खुणा काढून टाक. संमतीचं क्र. १२ मध्ये आहे, तुझ्या बाबतीत ते जास्त अवघड आहे, कारण मावशी तुला 'नाही' म्हणणार नाही.

१४. विडीविरुद्ध बोललं तर बायकांचा रोजगार जातो, गप्प बसलं तर लोक आजारी पडतात. आपण कोणत्या बाजूला?

आपल्या शहरातला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळून इथं सामुदायिक आरोग्याचं काम करता येत नाही.

विडी ओढणाऱ्याचं नुकसान होतं, यात शंका नाही. वळणारी धूळ श्वासात घेते, तंबाखू हातानं हाताळते, तासन्‌तास वाकून बसते. हेही खरं. आणि त्या हजार विड्यांवर तिच्या घरचा किराणा येतो, हे तितकंच खरं. १९६६ साली विडी-सिगार कामगारांसाठी कायदा झाला आणि १९७६ साली कल्याण निधीचा, ते या बायकांच्या हलाखीमुळेच. भारतानं २००४ साली स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात कलम १७ आहे: तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना परवडणारे पर्याय मिळावेत. करारातली बाकीची कलमं भाषणांत येतात, हे फारसं येत नाही.

माझी भूमिका मी लपवत नाही. विडी कमी व्हायला हवी आणि तिची किंमत वळणारीनं मोजू नये. म्हणून पर्यायी कामाचा अभ्यास हाही आरोग्याचाच अभ्यास आहे. शिलाईचं प्रशिक्षण दिलं आणि फोटो काढले, याला पर्याय म्हणत नाही. सहा महिन्यांनी तिच्या हातात हजारीइतके पैसे येतात का, घरी बसून लेकरू सांभाळत ते काम होतं का, हे मोजा. आणि तंबाखू कंपन्यांचा पैसा घेऊन हा अभ्यास कधीही करू नका. बरीच आरोग्य नियतकालिकं असे निबंध घेतही नाहीत.

१५. संशोधकानं चळवळीत उतरावं का? मग निष्पक्षपणाचं काय?

आकडा चळवळीला हवा तसा वळवायचा नाही, एवढं पाळलं तर उतरावं. गडचिरोलीतल्या अभ्यासकांनी दारूचा प्रश्न लोकांसोबत उचलला आणि १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. गावकरी दवाखान्याला गुण देतात, पत्रक भिंतीवर लागतं, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न विचारले जातात. गुणपत्रक कसं बनवायचं, नमुना कसा निवडायचा, हे काम अभ्यासकाचंच.

तुमच्या बाजूला गैरसोयीचा निष्कर्ष आला तर तोही छापायचा. संघटनेला हे पहिल्याच बैठकीत सांगा, नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

१६. मुलाखतीत कोणी मारहाणीचं किंवा जीव देण्याचं बोललं, तर गुप्तता पाळायची की सांगायचं?

प्रश्नावली तिथंच बंद करा. अभ्यास नंतर. जीव द्यायचा विचार कोणी बोलून दाखवला तर एकटं सोडून उठू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिथूनच लावा, आणि विश्वासाच्या कोणा माणसाला तिला विचारून बोलावून घ्या. प्रौढ बाईला मारहाण होत असेल तर १८१ या महिला मदतवाहिनीची माहिती द्या, पण तिच्या परवानगीवाचून घरात विषय काढू नका. तुम्ही गेल्यावर तिला तिथंच राहायचं असतं.

अपवाद मुलांचा. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. तिथं गुप्ततेचं वचन लागू राहत नाही, म्हणून हे संमतीच्या वेळीच सांगून ठेवायचं असतं. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

१७. अभ्यास झाल्यावर निष्कर्ष लोकांना सांगावेच लागतात का? त्यांना काय कळणार?

माझा पहिला अभ्यास २०० विडी कामगार बायकांचा होता. अहवाल बांधून दिला, शाबासकी मिळाली, मी पुढच्या कामाला लागले. दोन वर्षांनी भाजी मंडईत त्यातल्या एकीनं हाक मारली. म्हणाली, "ताई, तुम्ही लिहून नेलं होतं, त्याचं पुढं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं माझ्यासाठी शंभर-दीडशे विड्यांचा वेळ दिला होता, आणि तिच्याच छातीबद्दल मला काय कळलं ते मी इंग्रजीत लिहून कपाटात ठेवलं होतं.

मग आम्ही परत गेलो. तक्ते नेले नाहीत. हजार विड्यांची २५-२५ ची ४० बंडलं जमिनीवर मांडली. एक बंडल म्हणजे पाच बायका. रात्री खोकल्यानं उठावं लागणाऱ्या जितक्या, तितकी बंडलं एका बाजूला सरकवली. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक म्हातारी पुढं आली आणि तिनं आणखी चार बंडलं त्या बाजूला ढकलली. "हे कमी आहे," म्हणाली. "आमच्या ओळीत विचारलं तेव्हा कारखान्याचा माणूस बसला होता. आम्ही खोकला नाही म्हणून सांगितलं. खोकते म्हटल्यावर माल देणार नाहीत."

ज्यांना 'काय कळणार' म्हणतात, त्यांनी माझ्या आकड्यातली चूक तिथंच दाखवली होती. त्यानंतर वस्तीत सांगितल्याशिवाय मी एकही निबंध छापायला पाठवलेला नाही. वेळ, चहा, सतरंजी, दुभाषी, सगळ्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरते.

१८. निधी देणाऱ्यांना निष्कर्ष पसंत पडला नाही तर?

म्हणून करार आधी वाचायचा. निष्कर्ष छापण्याचा आणि वस्तीत सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे राहील, हे वाक्य त्यात नसेल तर घालून घ्या. 'मंजुरीनंतरच प्रसिद्धी' असं असेल तर सही करू नका. मी असा एक प्रकल्प सोडलाय, घरात पैशांची चणचण असताना. परदेशी निधी असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो दुसरीकडे वळता करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

१९. इतकं करून प्रत्यक्षात काय बदलतं?

एक सांगते. आमच्या अभ्यासात दिसलं की एका वस्तीतल्या बायका सकाळी नऊ ते बारा माल द्यायला कारखान्यात असतात, आणि दवाखान्याची वेळही तीच. त्या 'बेफिकीर' आहेत असं तिथल्या नोंदीत लिहिलेलं होतं. आम्ही बंडलं सरकवून सांगितलं होतं ना, त्याच बैठकीतल्या सात जणी ही वेळेची गोष्ट घेऊन अधिकाऱ्यांकडे गेल्या. एकदा नाही, अकरा वेळा. मी चारदाच होते सोबत. दोन वर्षांनी दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते आठ दवाखाना उघडा ठेवायचं ठरलं.

त्या सात जणींनी एक शंभर पानी वही केली. गुरुवारची तारीख, दार किती वाजता उघडलं, डॉक्टर आले का, औषध होतं का, किती जणी आल्या. सातवीत शिकणारी एक मुलगी लिहिते, बाकीच्या सांगतात. ती वही आता तिसरी चालू आहे. गेल्या महिन्यात दोन गुरुवारी दार उघडलं नाही, हे मला त्या वहीतून कळलं, आणि मी पोचायच्या आत त्या विचारून आल्या होत्या.